मुक्काम शिलिगुडी : ठाण्याहून जाऊन नेपाळ-भूतानची वेस ओलांडताना

दिवाळीच्या सुट्टीत किंवा मुलांच्या परीक्षा आटोपल्या की ठाण्यातली बरीच कुटुंबं दार्जिलिंग-गंगटोकची वाट धरतात. बागडोगरा विमानतळावर उतरायचं, बाहेर उभ्या गाडीत बसायचं आणि थेट डोंगर चढायला लागायचं. पश्चिम बंगालमधलं शिलिगुडी शहर त्यांच्या लेखी वाटेतली एक वाहतूक कोंडी. माझं मत वेगळं आहे. तिथे दोन-तीन रात्री काढाव्यात. शहर देखणं आहे म्हणून नव्हे, ते देखणं नाहीच. पण ईशान्येकडे जाणारी भारताची जमीन या भागात जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद उरते. त्यामुळे नेपाळची हद्द तासा-सव्वा तासावर, बांगलादेशाची त्याहून जवळ आणि भूतानची चार तासांवर येते. एका हॉटेलात बॅगा ठेवून इतक्या सीमा गाठता येतील असं दुसरं शहर आपल्याकडे शोधावंच लागेल.

या प्रत्येक सीमेची तऱ्हा निराळी. एका ठिकाणी कुणी अडवतही नाही, दुसरीकडे रांग लावावी लागते, तिसरीकडे व्हिसाशिवाय पाऊल टाकता येत नाही. आणि तिथे ज्यांची अडचण होते, त्यांची ती बहुतेक वेळा ठाण्यातून निघतानाच झालेली असते, कागदांच्या फाइलमध्ये. म्हणून सुरुवात तिथून.

आधी कपाटातली फाइल

आधार कार्डावर बँक, सिमकार्ड, हॉटेल, विमानतळ सगळं निभावतं, म्हणून ते सीमेवरही चालेल असं धरून चालू नका. नेपाळ आणि भूतान या दोन्ही देशांत प्रौढ भारतीयाचे दोनच कागद बिनबोभाट चालतात : पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. नेपाळसाठी १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना सवलत आहे. त्यांना आधार, पॅन, लायसन्स असा फोटो असलेला दुसरा पुरावा चालतो. भूतानकडे ही सवलत धरू नका. म्हणजे सत्तरीचे आजोबा आधारवर नेपाळच्या हद्दीवरच्या काकरभिट्ट्याला जाऊन येतील आणि तेच आजोबा भूतानच्या हद्दीवरच्या फुन्शोलिंगच्या दारात अडतील. पासपोर्ट असेल तर भूतानसाठी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

मतदार कार्ड आहे एवढ्यावर थांबू नका, ते बाहेर काढून उजेडात बघा. नव्वदच्या दशकातली ती लॅमिनेट केलेली, काळ्या-पांढऱ्या फोटोची कार्डं अजून कित्येक घरांत आहेत. फोटोत माणूस की सावली ते कळत नाही, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग भलतंच, पत्ता नौपाड्यातल्या पाडलेल्या चाळीचा. अशा कार्डासाठी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर फॉर्म ८ भरा. दुरुस्ती, पत्त्यातला बदल, नवं कार्ड, तिन्ही कामं त्याच फॉर्मवर होतात. याला काही आठवडे लागतात, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी हे उरका. पासपोर्टच काढायचा ठरला तर वागळे इस्टेटमधलं सेवा केंद्र जवळ आहे, पण पोलिस पडताळणीचा वेळ हिशोबात धरा.

बायकांच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. मतदार कार्डावर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं. जो कागद सीमेवर दाखवणार, त्याच्यावर आहे त्याच नावाने तिकीट आणि हॉटेल काढा. इतकं केलं तरी निम्मी कटकट मिटते.

मुलांसाठी भूतानला पासपोर्ट किंवा जन्मदाखला लागतो. जन्मदाखल्यात मुलाचं नाव आहे ना, हे बघा. बारशाआधी घाईने काढलेल्या दाखल्यात ती जागा कोरी असते आणि शाळेचा प्रवेश झाला की तिकडे कुणी बघत नाही. नाव घालायला जन्म जिथे नोंदला तिथेच जावं लागतं. बाळ मुलुंडच्या हॉस्पिटलात जन्मलं असेल तर ठाणे महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही, मुंबई महापालिकेच्या टी वॉर्डात जा. नातवंडं फक्त आजी-आजोबांबरोबर जाणार असतील तर आई-वडिलांचं सहीचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती जवळ ठेवा.

सोबत अमेरिकेहून आलेला भाचा किंवा चुलत बहीण असेल, तर त्यांचा विचार स्वतंत्रपणे करा. पासपोर्ट परदेशी झाला की ओसीआय (परदेशस्थ भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी नेपाळ-भूतानच्या नजरेत ते परदेशीच. नेपाळला व्हिसा, आपल्या बाजूला बाहेर पडल्याचा शिक्का, भूतानला व्हिसा आणि रात्रीला १०० डॉलर शुल्क, सिक्कीमला परवाना. भारताच्या ई-व्हिसावर आलेल्याने तर नेपाळ-भूतानात जाऊन रस्त्याने परत येता येईल असं गृहीतच धरू नये. अशा पाहुण्याला दार्जिलिंगात दोन दिवस ठेवून बाकीच्यांनी सीमा बघून यावी, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रत्येकाचे आठ-दहा पासपोर्ट साइज फोटो आणि ओळखपत्राच्या तेवढ्याच झेरॉक्स इथूनच घेऊन जा.

तारखा आणि तिकिटं

जून ते सप्टेंबर तिकडे जाऊच नये. पाऊस तर असतोच, शिवाय दरडी कोसळून डोंगरातले रस्ते बंद पडतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर हवा स्वच्छ, कांचनजंगा दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मात्र दुर्गापूजेच्या दिवसांत शिलिगुडीत पाय ठेवू नका. संध्याकाळी रस्ते मंडपांकडे वळवलेले असतात आणि गाडी मिळत नाही. त्याच सुमाराला नेपाळात दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, असतो, तिकडची कचेरी आणि बससेवाही विस्कळीत. आपली दिवाळी मात्र नेपाळच्या तिहारच्या दिवसांत पडते. तेव्हा काकरभिट्ट्याचा बाजार पाहण्यासारखा असतो. एप्रिल-मेही चालतो, फक्त शिलिगुडीत घाम निघेल आणि दार्जिलिंगला गर्दी होईल.

अजून एक गोष्ट तपासा, जी प्रवास कंपन्या सांगत नाहीत : निवडणुका. मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवतात, मग निवडणूक नेपाळची असो की बंगालची.

रेल्वेने जायचं तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून आसामकडे जाणाऱ्या गाड्या कल्याण करून न्यू जलपायगुडीला जातात. दोन रात्रींचा प्रवास आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या तारखांना त्याच सकाळी बसावं लागतं. वेळ नसेल तर विमानाने बागडोगरा. इथे ठाणेकरांनी एक गोष्ट बघून घ्यावी. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. जाताना बीओएम (मुंबई) आणि येताना एनएमआय (नवी मुंबई) असं तिकीट निघालं तर घोडबंदरवरून पहाटे उलव्याला पोचायचं गणित वेगळं आहे, बॅगा आणि आजी-आजोबा घेऊन तर फारच वेगळं.

शिलिगुडीत उतरल्यावर

गावात तीन स्टेशनं आहेत : न्यू जलपायगुडी, शिलिगुडी जंक्शन आणि शिलिगुडी टाउन. लांबच्या गाड्या पहिल्यावर, ज्याला सगळे एनजेपी म्हणतात. राहायला मात्र जंक्शनच्या आसपास, हिल कार्ट रोडवर हॉटेल घ्या. तेनझिंग नोर्गे बस टर्मिनस तिथेच आहे, सिक्कीमच्या सरकारी बसचा तळही जवळ, आणि नेपाळच्या हद्दीवरचं पानीटंकी, भूतानच्या हद्दीवरचं जयगाव, दार्जिलिंग सगळीकडे जायच्या गाड्या त्याच पट्ट्यातून सुटतात. सेवक रोडवर हॉटेलं नवी आणि चकाचक, पण रोज सकाळी तिथून इथे येण्यात वेळ जातो. शाकाहारी माणसांनी काळजी करू नये, मारवाडी भोजनालयं दोन्ही रस्त्यांवर आहेत. पोळीऐवजी रोटी मिळेल, तेवढं चालवून घ्या.

शहरात फिरायला टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. बसण्याआधी 'शेअर की रिझर्व्ह?' एवढं विचारा. शेअरमध्ये माणशी पैसे, रिझर्व्ह म्हटलं की अख्खी टोटो तुमची आणि भाव त्याचा. हिंदी सगळीकडे चालते. दुकानदाराला, ड्रायव्हरला 'दादा' म्हणा, बाईला 'दिदी'. नेपाळात गेल्यावर दादाचा 'दाइ' होतो, दिदी तशीच राहते.

आणि हे लक्षात ठेवा : नेपाळच्या हद्दीवरचं गाव पानीटंकी, आणि शिलिगुडी शहरातही सेवक रोडला लागून पानीटंकी मोड नावाचा चौक आहे. टोटोवाल्याला नुसतं 'पानीटंकी' म्हणालात तर तो पाच-दहा मिनिटांत चौकात उतरवून पैसे मागेल. 'पानीटंकी बॉर्डर' किंवा 'नेपाल बॉर्डर' म्हणायचं.

नेपाळ : सगळ्यात सोपी वेस

शिलिगुडीहून पानीटंकी तीस-पस्तीस किलोमीटर. रस्ता माटीगाडा, बागडोगरा, नक्षलबाडी असा जातो. हो, तेच नक्षलबाडी, १९६७ च्या उठावाचं. आज खिडकीतून चहाचे मळे आणि मोबाइलची दुकानं दिसतात. बागडोगरा याच वाटेवर असल्यामुळे ज्यांना आधी नेपाळच करायचंय त्यांनी विमानतळावरून परस्पर पानीटंकी गाठावी, शहरात शिरायची गरज नाही. बस स्वस्त आहे पण थांबत थांबत जाते. चार-पाच जण असाल तर गाडी ठरवा आणि तिला पानीटंकीलाच सोडा. भारतीय गाडी पलीकडे न्यायची तर नेपाळच्या भन्सारमध्ये, म्हणजे त्यांच्या कस्टममध्ये, दिवसागणिक शुल्क भरून कागद करावे लागतात. एका दिवसासाठी तो व्याप नको.

पानीटंकीला उतरलं की समोर मेची नदीवरचा पूल. नदी उन्हाळ्यात नावापुरती, पात्रात वाळू आणि गुरं. पुलावर मात्र दिवसभर माणसांची रीघ : डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बायका, गणवेशातली शाळकरी मुलं, बटाट्याची पोती लादलेल्या सायकल-रिक्षा. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. कधी ओळखपत्र बघतात, कधी बॅग उघडायला लावतात, कधी नुसती मान हलवतात. ओळखपत्र हातात असू द्या, बॅगेच्या तळाशी नको. भारतीयाला व्हिसा नाही, शिक्का नाही. चालत जा किंवा ई-रिक्षात बसा, पूल संपला की काकरभिट्टा.

पलीकडे पोचल्यावर घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. गंमत वाटते, पण परतीच्या गाडीची वेळ कुठल्या घड्याळाची हे न विचारल्यामुळे लोक गाडी चुकवतात. फोनचं डेटा रोमिंग पुलाच्या अलीकडेच बंद करा. फोन नेपाळी टॉवर धरतो आणि रोमिंगचं बिल ठाण्यात येऊन हातात पडतं.

पैशांचं असं : १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानदार विचारतो, 'आयसी की एनसी?' आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी नेपाळी. भाव ऐकताना हे विचारून घेतलं नाही तर हजाराची शाल सोळाशेला पडते. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा. त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळात वर्षानुवर्षं बंधनं राहिली आहेत आणि दुकानदार आजही पाचशेची नोट बघून कां-कूं करतो. क्यूआर कोड काही ठिकाणी आपल्या यूपीआयला दाद देतो, त्यावर विसंबू नका.

काकरभिट्ट्याचा बाजार तासाभरात संपतो. खरं बघायचं ते पुढे. चाराली फाट्यावरून इलामचा रस्ता चढतो आणि दीड-दोन तासांत कन्याम येतं. दोन्ही अंगांना चहाच्या टेकड्या, वर धुकं. सकाळी सातला शिलिगुडी सोडली तर कन्यामला डाळ-भात-तरकारी जेवून अंधाराच्या आत परत येता येतं. ताटात भात-डाळ मागाल तितका वाढतात. काठमांडूला याच वाटेने जायचं मनात असेल तर रात्रीची बस बारा-पंधरा तास घेते. त्यापेक्षा जवळच्या भद्रपूरहून विमान बरं.

परत येताना इलामचा चहा आणि एखादी शाल एवढंच आणा. नवीन मोबाइल, भांड्यांचे सेट, ब्लँकेटचे गठ्ठे घेऊन पूल उतरणाऱ्याला जवान थांबवतात. विमानतळावरून येणाऱ्याला मिळते ती सूट रस्त्याने येणाऱ्याला नसते.

भूतान : इथे घाई करू नका

भूतान शिलिगुडीहून एका दिवसात 'करून येऊ' म्हणणारे भेटतात. दीडशे किलोमीटर जायला चार तास, यायला चार तास, मध्ये रांग. हाती लागतं ते गेटपाशी काढलेले फोटो. एक तर फुन्शोलिंगला रात्र काढा, नाही तर थेट चार-पाच दिवस ठेवून पारो-थिंफू करा.

जायला दोन वाटा. रस्त्याने डुआर्सच्या, म्हणजे डोंगरपायथ्याच्या पट्ट्यातल्या, चहामळ्यांतून जयगाव. किंवा रेल्वेने हासिमारा आणि तिथून अठरा-वीस किलोमीटर जयगाव. मी रेल्वेच सुचवेन. जंक्शनहून निघालेली गाडी महानंदा अभयारण्यातून जाते, सेवकला तिस्ता नदी ओलांडते आणि हत्तींच्या वाटा असलेल्या जंगलपट्ट्यात हळू होते. मुलं खिडकी सोडत नाहीत. मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा असलेली गाडी ठरावीक वारीच असते, तो वार पाहून दिवस जुळवा.

जयगाव म्हणजे भोंगे, चिखल, टेम्पो. चालत जाणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे. आत ओळखपत्र दाखवायचं, सामान यंत्रातून जातं. दुसऱ्या दाराने बाहेर पडलं की फुन्शोलिंग. पहिला फरक कानाला जाणवतो, भोंगे नाहीत. झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला तुम्ही नुसते उभे राहिलात तरी गाडी थांबते. तीन हात नाक्यावर वाढलेला माणूस तिथे हमखास मागे सरकतो, ड्रायव्हर हाताने 'या' म्हणतो, मग पुढे होतो. इथे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे.

आता शुल्काचा हिशोब. फुन्शोलिंग शहरापुरतं राहिलात तर शाश्वत विकास शुल्क, ज्याला सगळे एसडीएफ म्हणतात, लागत नाही. त्यापुढे गेलात की भारतीयाला माणशी रात्रीला १,२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मे, ६ वर्षांखाली माफ. म्हणजे आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असतील तर रात्रीला ३,००० रुपये. चार रात्रींचे १२,०००, हॉटेल-जेवण वेगळं. हिशोब दिवसांचा नसून रात्रींचा असतो. त्यामुळे जाताना सकाळी लवकर फुन्शोलिंग सोडणं आणि परतताना शेवटची रात्र पुन्हा फुन्शोलिंगला काढणं, असं आखलं तर एका रात्रीचं शुल्क वाचतं.

परवाना ऑनलाइन काढता येतो, फुन्शोलिंगच्या इमिग्रेशन कचेरीतही मिळतो. सुट्टीच्या दिवसांत ऑनलाइनच काढा. हॉटेलचं बुकिंग, ओळखपत्र, मुलांचे दाखले, सगळ्यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती फोनमध्ये आणि कागदावर, दोन्ही. गाडी भूतानचीच घ्या. भारतीय गाडीला दिवसाला ४,५०० रुपये शुल्क आहे. फुन्शोलिंगच्या वर पाचेक किलोमीटरवर रिंचेनडिंगला परवाना तपासतात, तिथे एकाचा जरी कागद कमी पडला तरी सगळी गाडी खाली येते. थिंफू तिथून दीडशे किलोमीटर, वळणं भरपूर. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून ठेवावी आणि पोट भरून खाऊ नये. गाईडबाबतचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेत. त्यासाठी एजंटच्या शब्दापेक्षा भूतान सरकारचं संकेतस्थळ बघा.

भूतानचं चलन ङुल्त्रुम आणि आपला रुपया एकास एक. रुपये सगळीकडे चालतात, सुटे मात्र ङुल्त्रुममध्ये मिळतात. जयगावात त्या नोटा खपतात, शिलिगुडीत कुणी हात लावत नाही, तेव्हा संपवून या. झोंगमध्ये, म्हणजे त्यांच्या किल्लेवजा मठांत, जाताना पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, टोपी हातात. सार्वजनिक जागी सिगारेटला बंदी आहे. जेवणात एमा दात्शी मागवण्याआधी विचार करा : त्यात मिरची हीच भाजी असते, चीजमध्ये शिजवलेली. घरी ठेचा खाणारेही पाणी मागतात.

सिक्कीम आणि बांगलादेश

सिक्कीम १९७५ पासून भारतात आहे, तरी रंगपोला तपासणी नाका लागतो. भारतीयांना गंगटोकपर्यंत परवाना नको. त्सोमगो तलाव, नाथू ला खिंड, उत्तर सिक्कीम यांना हवा, आणि तो स्थानिक एजंटमार्फतच आदल्या दिवशी होतो. तिथे फोटो आणि मतदार कार्ड किंवा पासपोर्ट पुन्हा कामी येतात. नाथू ला सोमवार-मंगळवार बंद. तो १४,१४० फुटांवर आहे, धाप लागणाऱ्या आजी-आजोबांना गंगटोकलाच थांबवा. तिस्तेच्या काठाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग १० हा खरा बेभरवशाचा भाग. ऑक्टोबर २०२३ च्या पुरानंतर तर फारच. निघायच्या सकाळी हॉटेलवाल्याला विचारा. रस्ता बंद असेल तर गाड्या गोरुबथान-लाव्याकडून वळतात आणि चार-पाच तासांचे सात-आठ होतात. भूतान आणि सिक्कीम दोन्ही एका आठवड्यात बसवू नका, एक निवडा.

बांगलादेशाची फुलबाडी-बांगलाबंध सीमा शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथे टोटोही नेते. पण तो रस्ता ट्रकचा आहे, दगड आणि माल घेऊन तासन्‌तास उभ्या असलेल्या ट्रकांचा. व्हिसा आगाऊ लागतो, सीमेवर मिळत नाही, आणि तो मिळणं ऑगस्ट २०२४ नंतर कठीण झालंय. लांबून बघा, सीमा सुरक्षा दलाच्या जवानांचे फोटो काढू नका.

परतीचा दिवस

परतीच्या आदल्या रात्री शिलिगुडीतच झोपा. गंगटोक किंवा जयगावहून सकाळी निघून दुपारचं विमान पकडायचा बेत एका दरडीत किंवा एका रेल्वे फाटकात कोलमडतो. शहरातून बागडोगरा पंधरा किलोमीटरही नाही, पण दार्जिलिंग मोड ते माटीगाडा या टप्प्यात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तीन तास हाताशी ठेवून निघा. बागडोगरा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टीवर चालत विमानाकडे जाताना सेल्फी काढाल तर फोन तपासला जाईल. आदल्या संध्याकाळी वेळ असला तर बिधान मार्केटला जाऊन चहा घ्या. डब्यातला पॅकबंद घेऊ नका. दुकानदाराला दार्जिलिंग आणि डुआर्स दोन्ही उघडून दाखवायला सांगा. दुधाच्या चहाला डुआर्सचा दाणेदार सीटीसी घ्यावा, किलोभर. दार्जिलिंगचा शंभर-दोनशे ग्रॅम पुरतो, कारण घरी त्यात कुणी ना कुणी आलं आणि दूध घालणारच.